शोभादर्शक नळीचे कर्ते सर डेव्हिड ब्रूस्टर

जत्रेंत मुलांच्या हातीं एक कागदी नळी पुष्कळदां दिसते. तिच्या एका तोंडास डोळा लावून दुसरें तोंड उजेडाकडे धरिलें आणि नळी हळूहळू फिरविली म्हणजे आंत रंगीबेरंगी फुलें उमलूं लागतात. एक मोडतें तोंच दुसरें घडतें, आणि एकदां गेलेली आकृति पुन्हां तशीच सहसा दिसत नाहीं. नळी उकलून पाहावी तर आंत बांगड्यांच्या कांचांचे चार तुकडे व आरशाच्या दोनतीन पट्ट्या यांखेरीज कांहीं नसतें. ह्या नळीस शोभादर्शक असें म्हणतात. हें खेळणें कोणी शोधून काढिलें, त्यापासून त्यांस काय मिळालें व काय मिळालें नाहीं, ही हकीकत आमच्या वाचकांस, विशेषतः खेड्यापाड्यांतून मुलांस शिकविणाऱ्या उपदेशक बंधुभगिनींस, बोधप्रद होईल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

स्कॉटलंड देशाच्या दक्षिण भागीं जेडबरो नांवाचें एक लहान शहर आहे. तेथील शाळेचे मुख्य शिक्षक जेम्स ब्रूस्टर यांच्या घरीं ता. ११ डिसेंबर १७८१ रोजीं डेव्हिडचा जन्म झाला. तो सुमारें नऊ वर्षांचा असतां त्याची आई वारली, आणि पुढें त्याची काळजी बहुतेक त्याच्या बहिणीनें वाहिली. आपल्या चारहि मुलांनीं मंडळीचे पाळक व्हावें अशी बापाची मनापासून इच्छा होती. त्यांपैकीं तिघे पाळक झाले. डेव्हिडचा मार्ग मात्र निराळा झाला. तो कसा तें पुढें दिसेल.

जेडबरोपासून थोड्याच अंतरावर इंचबॉनी म्हणून ठिकाण आहे. तेथें जेम्स वीच नांवाचा एक तरुण कारागीर राहत असे. नांगर तयार करणें हा त्याचा धंदा. मोठ्या विद्यालयांत त्याचें शिक्षण झालें नव्हतें. परंतु त्यानें आपल्या मेहनतीनें गणित व ज्योतिष यांचा अभ्यास केला होता, आणि दिवसा नांगर घडविणारा तो हात फावल्या वेळीं दुर्बिणीच्या कांचा व आरसे घांसून तयार करीत असे. त्याच्या कारखान्यांत गांवचीं होतकरू मुलें जमत. वीच त्यांस नुसतें बोलून शिकवीत नसे, तर हातीं हत्यार देऊन काम करावयास लावीत असे. डेव्हिड ह्या मुलांतलाच एक होता. दहा वर्षांचा असतां त्यानें येथें आपली पहिली दुर्बीण तयार केली असें सांगतात. ज्या पुरुषाची गणना पुढें युरोपांतील मोठमोठ्या प्रकाशशास्त्रज्ञांत झाली, त्याची पहिली प्रयोगशाळा म्हणजे नांगर घडविणाऱ्याची ती झोंपडी होय. ही गोष्ट आमच्या सुतार, लोहार व शेतकरी बंधूंनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

बाराव्या वर्षीं डेव्हिड एडिंबरो येथील विश्वविद्यालयांत गेला. सन १८०० मध्यें त्यास एम. ए. ची पदवी मिळाली, आणि वडिलांच्या इच्छेप्रमाणें ईश्वरविज्ञानाचा अभ्यास पुरा करून सन १८०४ मध्यें त्यानें स्कॉटिश मंडळीकडून उपदेश करण्याची परवानगी मिळविली. विद्वत्ता होती, श्रद्धा होती, भाषाहि चांगली होती. परंतु लोकांपुढें उभें राहिलें कीं त्याच्या मनाची अशी कांहीं घालमेल होई, कीं प्रत्येक उपदेशाचा प्रसंग त्यास शिक्षेसारखा वाटे. थोडींच वर्षें त्यानें ह्या भीतीशीं झुंज दिली आणि शेवटीं व्यासपीठ सोडलें. बापानें ज्या कामासाठीं वाढविलें, ज्या कामासाठीं दहा वर्षें अभ्यास केला, तेंच काम आपणांस साधत नाहीं असें दिसून आल्यावर तरुण मनुष्यास काय वाटलें असेल याची कल्पना करवते. भाऊ एकामागून एक पाळक होत होते आणि हा मात्र शिकवण्या करून व लेख लिहून पोट भरीत होता.

सन १८०८ मध्यें ब्रूस्टर यांनीं एका मोठ्या ज्ञानकोशाच्या संपादकाचें काम पत्करिलें. तें अठरा भागांत सन १८३० सालीं पुरें झालें. म्हणजे आयुष्याचीं बावीस वर्षें त्यांनीं त्यांत घातलीं. सन १८१० मध्यें जूलिएट मॅकफर्सन ह्या बाईशीं त्यांचा विवाह झाला. घरीं मुलेंबाळें झालीं, पैशाची ओढाताण नेहमींची; तरी रात्रीं दिवा लावून कांचा, स्फटिक व आरसे यांवर त्यांचे प्रयोग चालूच असत.

प्रकाशाविषयीं त्यांनीं जें शोधिलें त्यांतील एक गोष्ट साध्या रीतीनें अशी सांगतां येईल. एक दोरी घेऊन तिचें एक टोंक बांधावें आणि दुसरें टोंक हातांत धरून हालवावें. दोरी वरखालीं हालेल, आडवी हालेल, तिरपीहि हालेल. आतां तीच दोरी खिडकीच्या दोन उभ्या गजांमधून नेली, तर वरखालीं होणारी हालचाल तेवढी पलीकडे पोंचेल, आडवी गजांस अडेल. प्रकाशाच्या कंपनांचेंहि असेंच आहे. साधारण उजेडांत तीं सर्व दिशांनीं होत असतात. परंतु कांहीं प्रसंगीं एकाच दिशेचीं उरतात. अशा प्रकाशास ध्रुवीभूत प्रकाश म्हणतात. पाण्यावरून किंवा कांचेवरून उलटणारा उजेड असा होतो हें मालूस नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञास सन १८०८ मध्यें आढळलें होतें. कोणत्या पदार्थावर कोणत्या कोनानें किरण पडला असतां उलटलेला उजेड पूर्णपणें असा होतो, याचा नियम ब्रूस्टर यांनीं सन १८१५ मध्यें बसवून दिला. पदार्थास लंब असलेल्या रेषेपासून मोजिलें तर हा कोन पाण्यास सुमारें ५३ अंश व साध्या कांचेस सुमारें ५६ अंश येतो. आजहि सर्व जगांत ह्यास ब्रूस्टरचा कोन असेंच नांव आहे. पाण्यावरील चकाकी कमी दिसावी म्हणून कोळी व वाहनचालक जे विशेष चष्मे लावितात, ते ह्याच ज्ञानाच्या आधारें केलेले असतात.

दाबलेल्या कांचेंतून ध्रुवीभूत प्रकाश सोडिला असतां रंग दिसतात आणि त्यांवरून ताण कोठें किती आहे तें ओळखतां येतें, हेंहि ब्रूस्टर यांनींच दाखविलें. पुढें पूल व यंत्रें बांधणारे लोक पारदर्शक नमुने करून त्यांतील ताण ह्या युक्तीनें पाहूं लागले. लंडन येथील रॉयल सोसायटीनें सन १८१५ मध्यें ब्रूस्टर यांस आपलें सभासद करून घेतलें व कॉप्ले पदक दिलें.

ह्याच प्रयोगांच्या भरांत शोभादर्शकाचा शोध लागला. प्रकाश दोन कांचांमध्यें वारंवार उलटविला तर काय होतें हें पाहत असतां, मेणबत्तीच्या अनेक प्रतिमा एका मध्यबिंदूभोंवतीं वर्तुळांत मांडल्यासारख्या दिसतात असें ब्रूस्टर यांच्या लक्षांत आलें. दुसरा एखादा ही मौज क्षणभर पाहून विसरला असता. त्यांनीं मात्र ती धरून ठेविली, कारण शोधिलें, आणि सन १८१६ मध्यें तिचें एक यंत्र बनविलें. ग्रीक भाषेंतील सुंदर, आकार व पाहणें ह्या अर्थाचे तीन शब्द जोडून त्यांनीं त्यास कॅलिडोस्कोप असें नांव दिलें. त्यांतील पहिला शब्द कालॉस हा होय. योहानाच्या दहाव्या अध्यायांत प्रभु आपणांस उत्तम मेंढपाळ म्हणतो, तेथें मूळ ग्रीकांत उत्तम या अर्थीं हाच शब्द आला आहे.

ह्या यंत्राचें गणित सोपें आहे. वर्तुळाचे अंश ३६०. दोन आरसे ६० अंशांच्या कोनांत ठेविले तर ३६० भागिले ६० म्हणजे ६. म्हणून एक खरा खंड व पांच प्रतिबिंबें मिळून सहा खंडांची आकृति दिसते. कोन ४५ अंशांचा केला तर आठ खंड, आणि ३० अंशांचा केला तर बारा. मात्र भागाकार सम आला पाहिजे. विषम आला किंवा पुरा भाग गेला नाहीं, तर आकृतीच्या एका जोडावर एक बाजू दुसरीशीं जुळत नाहीं. शिवाय पाहावयाची वस्तु आरशांच्या टोंकाशीं अगदीं लगटून असावी, आणि डोळा दोन आरसे जेथें मिळतात त्या रेषेच्या जवळ असावा. ह्या तीन गोष्टी साधल्या म्हणजे सर्व खंड सारखे उजळ व बिनचूक दिसतात. कोणतीहि एक चुकली तर खेळणें होतें, पण यंत्र होत नाहीं.

सन १८१७ मध्यें ब्रूस्टर यांनीं ह्या शोधाचा हक्क सरकारांतून आपल्या नांवानें करून घेतला. संसारास हातभार लागेल अशी त्यांस आशा होती आणि ती वावगी नव्हती. परंतु विक्रीसाठीं पुरेशीं यंत्रें तयार होण्यापूर्वींच नमुन्याचें एक यंत्र लंडनांतील कांहीं चष्मेवाल्यांस दाखविण्यांत आलें. युक्ति इतकी सोपी, कीं एकदां डोळ्यांनीं पाहिली म्हणजे लपून राहणें अशक्य. पाहतां पाहतां शहरांतले कारागीर पत्र्याच्या व कागदाच्या नळ्या करून विकूं लागले. तीन महिन्यांत लंडन व पॅरिस ह्या दोन शहरांत मिळून दोन लक्ष शोभादर्शक खपले असा त्या वेळीं अंदाज करण्यांत आला. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत आणि गरिबांच्या पोरांच्या हातांत तेंच एक खेळणें दिसूं लागलें. ब्रूस्टर यांच्या हातीं मात्र त्या लोटांतून फारच थोडें आलें. इतक्या लोकांविरुद्ध फिर्याद तरी कोणी व कोठवर करावी?

पैसा गेला त्याचें त्यांस दुःख झालेंच. परंतु त्यांस अधिक लागलें तें दुसरेंच. खपलेल्या यंत्रांपैकीं नियमास धरून केलेलीं फारच थोडीं होतीं. कोन चुकलेले, आरसे अंधुक. ज्यांनीं तेवढेंच पाहिलें त्यांस खरी शोभा काय असते हें कळलेंच नाहीं. तेव्हां हताश होऊन न बसतां सन १८१९ मध्यें त्यांनीं शोभादर्शकावर एक ग्रंथ लिहून तें बिनचूक कसें करावें हें सर्वांस उघड सांगितलें. ज्या ज्ञानाची चोरी झाली होती, तेंच त्यांनीं पूर्ण करून लोकांच्या पदरांत टाकिलें. कापडावर छाप उठविणारे, गालिचे विणणारे, नकशीकाम करणारे यांस नवीन आकृति सुचविण्यासाठीं हें यंत्र उपयोगी पडेल अशीहि त्यांनीं त्यांत सूचना केली आहे.

शाळेंतील मुलांकडून हें खेळणें सहज करवून घेतां येईल. एकाच मापाच्या आरशाच्या तीन लांबट पट्ट्या घ्याव्या. कांचेच्या कडा धारदार असतात, म्हणून वडील माणसानें त्या घांसून वर कागदाची पट्टी चिकटवावी. चकचकीत बाजू आंत ठेवून तिन्ही पट्ट्यांची त्रिकोणी नळी करावी, दोऱ्यानें बांधावी व वरून जाड कागद गुंडाळावा. एका तोंडावर कागद चिकटवून मध्यें वाटाण्याएवढें भोंक पाडावें. दुसऱ्या तोंडावर पारदर्शक कांच बसवून तिच्यावर फुटक्या बांगड्यांचे रंगीत तुकडे ठेवावे, आणि ते थोडेसे हालतील इतकी जागा सोडून तेल लाविलेल्या कागदानें तोंड बंद करावें. तीन आरशांमुळें नक्षी एकाच फुलावर न थांबतां चोहोंकडे पसरत जाते. ही नळी सूर्याकडे मात्र कधींहि धरूं नये. डोळ्यास कायमची इजा होईल.

ब्रूस्टर यांचें पुढील आयुष्यहि प्रकाशाच्याच सेवेंत गेलें. समुद्रांतील दीपगृहांचा उजेड दूरवर जावा म्हणून एकच अवजड कांच न वापरतां अनेक तुकड्यांची मोठी भिंगें बसवावीं, असें ते सुचवीत होते. फ्रान्सांत फ्रेनेल यानें स्वतंत्रपणें अशींच भिंगें बनवून सन १८२३ मध्यें कोर्दुआन येथील दीपगृहांत लाविलीं. आपल्या देशानेंहि ती सुधारणा घ्यावी म्हणून ब्रूस्टर यांनीं पुष्कळ वर्षें लेख लिहून भांडण चालविलें. शेवटीं सन १८३५ मध्यें स्कॉटलंडांत इंचकीथ बेटावर असा दिवा लागला.

सन १८३२ मध्यें त्यांनीं निसर्गांतील चमत्कारांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. भुतें दिसणें, आरशांतून मूर्ति प्रगट होणें, धुरांत आकृति उभ्या राहणें ह्या गोष्टी भिंगें व आरसे यांच्या योगें कशा घडवितां येतात, आणि प्राचीन काळीं सत्ताधाऱ्यांनीं व देवळांच्या पुरोहितांनीं त्यांचा उपयोग भोळ्या लोकांस धाकांत ठेवण्यासाठीं कसा केला असावा, हें त्यांत समजावून दिलें आहे. अंगारेधुपारे व चेटूक यांच्या भीतीनें गांजलेल्या खेड्यांत काम करणारास अशा ज्ञानाचें मोल सांगावयास नको.

सन १८३८ मध्यें सेंट अँड्रूज येथील महाविद्यालयाचे मुख्य म्हणून ब्रूस्टर यांची नेमणूक झाली. जन्मभर ओढाताण सोसल्यावर सत्तावन्नाव्या वर्षीं त्यांस कांहींसें स्वास्थ्य मिळालें. परंतु पांच वर्षांतच तें पणास लावण्याची वेळ आली. मंडळीच्या इच्छेविरुद्ध तिच्यावर पाळक लादण्याचा जमीनदारांचा हक्क पुष्कळांस असह्य झाला होता. ता. १८ मे १८४३ रोजीं एडिंबरो येथें शेंकडों पाळक सरकारमान्य मंडळीच्या सभेंतून उठून बाहेर पडले. घरें, वेतनें, देवळें सर्व सोडून त्यांनीं स्वतंत्र अशी फ्री चर्च स्थापिली. ब्रूस्टर मंडळीचे वडील होते. तेहि त्यांच्याबरोबर त्या मिरवणुकींत चालले. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन वगैरे स्कॉटिश मिशनरीहि त्या वेळीं फ्री चर्चच्याच बाजूस गेले, हें आमच्या जुन्या मंडळ्यांस ठाऊकच आहे.

महाविद्यालयाची जागा सरकारमान्य मंडळीच्या माणसानेंच भोगावी असा कायदा होता. त्याचा आधार घेऊन विरुद्ध पक्षानें ब्रूस्टर यांस कामावरून काढण्याची खटपट केली. उपदेशासाठीं उभे राहतांना ज्यांचे पाय लटपटत, ते ब्रूस्टर येथें मात्र हालले नाहींत. विवेकबुद्धीस पटलेलें सोडावयाचें नाहीं, मग जागा राहो किंवा जावो, असा त्यांचा निश्चय होता. सन १८४४ मध्यें ती खटपट फसली आणि त्यांची जागा कायम राहिली.

ह्याच प्रसंगीं त्यांच्या हातून कलेचीहि एक मोठी सेवा घडली. सभेंतून बाहेर पडलेल्या पाळकांचें एक भव्य चित्र काढण्याचें हिल नांवाच्या चित्रकारानें मनांत आणिलें. पण इतकीं माणसें आपापल्या गांवीं जाण्यापूर्वीं त्यांचे चेहरे कसे टिपावे? छायाचित्राची कला त्या वेळीं नुकतीच जन्मास आली होती, आणि तिचे एक आद्य शोधक टॉल्बट हे ब्रूस्टर यांचे स्नेही होते. छायाचित्रांचा उपयोग करावा असें ब्रूस्टर यांनीं हिल यास सुचविलें आणि रॉबर्ट अ‍ॅडमसन नांवाच्या तरुण छायाचित्रकाराशीं त्याची गांठ घालून दिली. त्या दोघांनीं मिळून काढिलेलीं छायाचित्रें त्या कलेच्या इतिहासांत आजहि प्रथम प्रतीचीं गणिलीं जातात. मोठें चित्र सन १८६६ मध्यें पुरें झालें. त्यांत ४५० हून अधिक माणसें आहेत.

दोन डोळ्यांनीं पाहून सपाट चित्रें उठावदार दिसावीं असें यंत्र व्हीटस्टन यानें आरशांच्या योगें सन १८३८ मध्यें जगापुढें मांडिलें होतें. ब्रूस्टर यांनीं सन १८४९ मध्यें भिंगें घालून तें लहान व सुटसुटीत केलें. सन १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनांत तें राणी व्हिक्टोरियाच्या नजरेस पडलें आणि मग घरोघर गेलें. ह्या शोधाच्या मानाविषयीं दोघांत कडू वाद झाला. ब्रूस्टर यांचा स्वभाव तापट होता व वादांत त्यांची लेखणी तिखट होई, हें लपविण्याचें कारण नाहीं. प्रकाश म्हणजे लहरी होत हें मत बहुतेक शास्त्रज्ञांनीं मान्य केल्यावरहि, प्रकाश सूक्ष्म कणांचा असतो हें न्यूटनचें जुनें मत त्यांनीं सोडिलें नाहीं. त्या वादांत ते मागें पडले. परंतु त्यांनीं केलेलीं मापें व नियम इतके बिनचूक होते, कीं विरुद्ध पक्षासहि त्यांवरच आपली इमारत उभारावी लागली.

घरगुती दुःखेंहि त्यांस चुकलीं नाहींत. सन १८२८ मध्यें त्यांचा एक मुलगा नदींत बुडून वारला व सन १८५० मध्यें पत्नी वारली. सन १८५९ मध्यें एडिंबरो विश्वविद्यालयाचे मुख्य म्हणून ते आपल्या जुन्या विद्यामंदिरांत परत आले आणि मरेपर्यंत त्या जागीं होते. ता. १० फेब्रुवारी १८६८ रोजीं, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षीं, मेलरोज गांवाजवळील आपल्या घरीं त्यांचा अंत झाला. मेलरोजच्या जुन्या मठाच्या आवारांत त्यांची कबर आहे. परमेश्वर आपला प्रकाश आहे ह्या अर्थाचे शब्द तिच्या दगडावर कोरिले आहेत.

ज्या कामासाठीं बापानें वाढविलें तें त्यांस साधलें नाहीं. जें खेळणें शोधिलें त्याचा पैसा दुसऱ्यांनीं नेला. ज्या मतासाठीं भांडले तें मागें पडलें. हिशेबाच्या वहींत पाहिलें तर तीन ठिकाणीं नुकसानच मांडावें लागेल. तरी दीपगृहाच्या उजेडानें वांचलेला खलाशी, चकाकी टळल्यामुळें रस्ता नीट पाहणारा गाडीवान आणि जत्रेंतून नळी घेऊन येणारें पोर, हीं सर्व त्यांचीं ऋणी आहेत. आपल्या मंडळींत एखादा बंधु प्रार्थनेस उभा राहिला कीं अडखळतो, म्हणून तो कामाचा नाहीं असें कोणीं म्हणूं नये. त्याच्या हातांत काय आहे तें पाहावें. इंचबॉनीच्या नांगर घडविणाऱ्यानें एका लहान मुलाच्या हातीं कांचेचा तुकडा देऊन तो कसा घांसावा हें शिकविलें होतें. आपल्याहि गांवीं असा कोणी मुलगा किंवा मुलगी असेल. त्यांस हत्यार देणारा हात मात्र पाहिजे.